उजवीकडून बाहेर

बफेलो, न्यूयॉर्क
सोमवार, 27 जानेवारी 2025

ती. आबांना,
सा. न. वि. वि.

काल तुमचा फोन वाजत होता आणि मी नुसती बघत बसले, उचलला नाही. तुमच्याकडे सकाळ, चहा झालेला, पेपर चाळून झालेला. आमच्याकडे रविवारची रात्र आणि घरात सुतक. तब्येती सगळ्यांच्या ठणठणीत आहेत, आईला सांगा. आमची टीम हरली, एवढंच. फोनवर सांगितलं असतं तर "हात्तिच्या" म्हणून तुम्ही फोन ठेवला असता, म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला हा अमेरिकन फुटबॉल पटत नाही. इथं आला होता तेव्हा दहा मिनिटं बघून म्हणालात, "चेंडू अंड्यासारखा, पळायचं हातात धरून, आणि म्हणे फुटबॉल!" पाटाकडील तालमीची आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून बघितलेल्या माणसानं दुसरं काय म्हणावं? पण आबा, चेंडूचा आकार सोडा. पेठेची ईर्ष्या म्हणजे काय हे मला कोल्हापुरानं शिकवलं, म्हणून तर हे गाव मला कळलं. इथं पेठा नाहीत, सगळं शहर मिळून एकच तालीम आहे आणि तिचं नाव बिल्स. मागच्या जानेवारीत एवढा बर्फ पडला की मॅच एक दिवस पुढं ढकलली, आणि लोक घरची फावडी घेऊन स्टेडियम उपसायला गेले. तासाला वीस डॉलर मिळत होते म्हणे, पण आमचे शेजारी काही वीस डॉलरसाठी गेले नव्हते.

हे शेजारी म्हणजे समोरचे म्हातारबाबा, तुम्हाला गॅरेजमध्ये नेऊन जुनी तिकिटं दाखवली होती ते. त्यांच्याकडून मला या गावाचा सगळा इतिहास कळला. तो बहुतेक हरण्याचाच आहे. 1991 ते 1994, सलग चार वर्षं बिल्स फायनलला पोचले. सलग चार फायनल खेळलेली दुसरी टीम आजवर झालेली नाही. आणि चारही हरले. शेवटच्या तीनबद्दल इथं कुणी फार बोलत नाही. डॅलसनं 52-17 असं धुतल्यावर बोलणार काय? तसं हरल्यावर माणूस शिव्या देतो आणि झोपतो.

पहिली वेगळी. ती एका गुणानं गेली, 20-19. आठ सेकंद उरलेले आणि स्कॉट नॉरवुड नावाच्या खेळाडूनं 47 यार्डांवरून चेंडू लाथाडून दोन खांबांमधून घालवायचा. क्रिकेटच्या दोन पिचांहून जरा जास्त अंतर झालं बघा. आणि खांबांमधली जागा साडेअठरा फूट, तुमच्या गोलपोस्टपेक्षा अरुंद. चेंडू उंच गेला, लांबही पुरला, पण उजवीकडून बाहेर गेला. इथं नुसतं "वाईड राइट" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तारीख 27 जानेवारी. म्हणजे आजचीच, चौतीस वर्षांपूर्वीची.

दुसऱ्या दिवशी टीम परत आली तेव्हा नगरपालिकेसमोरच्या चौकात हजारो लोक थंडीत उभे होते. आणि ओरडत काय होते, तर नॉरवुडला पुढं आणा! तो मागं लपल्यासारखा उभा होता. शेवटी माईकपाशी आला आणि त्याचा गळा भरून आला. शेजारीबाबा त्या गर्दीत लेकीला खांद्यावर घेऊन उभे होते. हे सांगताना ते अजूनही मध्येच थांबतात आणि गॅरेजमधलं काहीतरी उगाच इकडचं तिकडं ठेवतात.

पुढचं भरभर सांगते. जानेवारी 2000, टेनेसीत. 16 सेकंद राहिलेले, आपण 16-15 पुढं. चेंडू त्यांच्याकडं लाथाडला, त्यांच्यातल्या एकानं तो मैदानाच्या दुसऱ्या कडेला आडवा फेकला आणि ज्यानं झेलला तो 75 यार्ड मोकळाच पळत सुटला. फेक आडवी होती की पुढं होती, यावर इथं अजून भांडणं होतात. पुढं असती तर अवैध. पंचांनी फिल्म बघून वैध ठरवली. त्यानंतर सतरा वर्षं बाद फेरीचं तोंड दिसलं नाही. आम्ही 2011 ला आलो ते त्या दुष्काळात. तो संपला 2017 च्या 31 डिसेंबरला, तोही दुसऱ्यांच्या कृपेनं: सिनसिनाटीच्या अँडी डाल्टननं बाल्टिमोरला हरवलं म्हणून आपण आत. तर या लोकांनी त्याच्या धर्मादाय संस्थेला सतरा-सतरा डॉलर पाठवले, वर्षाला एक या हिशेबानं! मला तेव्हाच हे गाव आवडलं.

मग आला जॉश अॅलन. तुमच्या नातवाच्या अंगावर 17 नंबरचा जो शर्ट असतो तो याचाच. आणि याच्या वाटेत वारंवार कॅन्सस सिटी आडवी. 2022 च्या जानेवारीत आपण 36-33 पुढं होतो आणि 13 सेकंद शिल्लक होते. आबा, तेरा! मी उठून चहाचं आधण ठेवलं. आपण चेंडू असा लाथाडला की तो थेट त्यांच्या मागच्या पट्ट्यात पडला, त्यात एक सेकंदही खर्ची पडला नाही. मग त्यांनी दोन फेकींत 44 यार्ड मारले आणि खांबांमधून घालवून बरोबरी केली. जादा वेळेसाठी नाणं उडालं, अॅलननं काटा मागितला, छापा पडला. तेव्हाचा नियम असा की पहिल्यांदा चेंडू मिळालेल्यानं तो समोरच्यांच्या मागच्या पट्ट्यात नेला की खेळ खलास. 42-36. आमच्या पोराच्या हाताला चेंडू लागलाच नाही. दोन महिन्यांत तो नियम बदलला. आपलं घर जळाल्यावर गावात बंब आला, तसं.

मागच्या वर्षी पुन्हा तीच टीम, आमच्याच मैदानावर. तीन गुणांनी मागं, दोन मिनिटंही उरली नव्हती. टायलर बासनं 44 यार्डांवरून मारला. कुठून गेला सांगू? उजवीकडून बाहेर. नेटवर काही लोकांनी त्याला नको नको ते लिहिलं. मग गावानं काय करावं? तो इथल्या एका मांजरांच्या आश्रमाला मदत करतो, त्या आश्रमाला देणग्यांचा पूर आला.

आणि काल पुन्हा कॅन्सस सिटीच. अॅलन यंदा असा खेळलाय की बोलायची सोय नाही. नोव्हेंबरात याच कॅन्सस सिटीला आपण हरवलं होतं. चौथ्या भागाच्या सुरुवातीला 22-21 पुढं, आणि एक यार्ड हवा होता. एक यार्ड म्हणजे आईच्या स्वयंपाकघरातला ओटा ओलांडणं. अॅलन स्वतः चेंडू घेऊन घुसला, दहा-बारा जणांचा ढीग झाला. आमच्या घरात सगळ्यांना तो पोचलेला दिसला, पंचांना नाही दिसला. त्यानंतर 29-29 सुद्धा झालं. पण शेवटी 32-29. शेवटचा चेंडू त्यानं अंगावर माणसं येत असताना मागं सरकत कसाबसा फेकला, पुढच्यानं झेप घेतली, हाताला लागला आणि निसटला. तुमचे जावई काही न बोलता उठले आणि भांडी घासायला लागले. पोरगं शर्ट न काढताच झोपलं.

सकाळी शेजारीबाबा दारातला बर्फ ओढत होते. डोक्यावर टीमचीच टोपी. मी काय बोलावं म्हणून उभी राहिले तर तेच म्हणाले, "आज सत्तावीस तारीख, माहीत आहे ना?" आणि पुन्हा फावडं मारायला लागले.

तेव्हा मला तुमची आठवण झाली, आबा. एक विचारते, रागावू नका. तुमच्या त्या फायनलच्या पेनल्टीबद्दल तुम्ही घरात कधी अक्षर काढलं नाही. आई म्हणते, नंतर महिनाभर तुम्ही तालमीसमोरून जायचं टाळत होता, कामावरून रंकाळ्याकडून वळसा घालून घरी यायचात. तालमीतलं कुणी बोलवायला आलं होतं का हो? आणि काका म्हणतात चेंडू बारला लागून वर गेला, तर आई म्हणते बाहेरून गेला. मग कुठल्या बाजूनं?

रविवारी फोन करते, तेव्हा सांगा. चटणी संपत आलीय, कुणी येणारं असेल तर किलोभर द्या.

तुमची,
बेबी