नानांच्या निळ्या गिटारला हात लावू देऊ नकोस

नाशिक, रविवार रात्र

प्रिय मध्या,

सप्रेम नमस्कार.

नानांची निळी गिटार, ती जुनी अमेरिकन फेंडर स्ट्रॅटोकास्टर (आपली ‘स्ट्रॅट’), रंगवायला निघाली आहे. हे वाचून तू काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय, पण आधी पत्र पुरतं वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि यात सांगायचं बरंच आहे. बाकी इकडे ठीक. माझी शुगर आटोक्यात, आईचा गुडघा तसाच.

अण्णांच्या नातवाने माळ्यावरून ती काढली. त्याला ती हिरवट, मळकट दिसते. अंबडला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा कोणी ओळखीचा आहे, त्याने ‘शोरूमसारखी करून देतो’ म्हणून सांगितलंय आणि पोरगा खूश आहे. वर मला म्हणतो, ‘काका, फेंडरवाले गाड्यांचाच रंग मारायचे ना? मग गाडीवाल्याकडेच दिली पाहिजे.’ माहिती खरी आहे, निष्कर्ष घातक आहे. ही माहिती त्याला कुणी पुरवली असेल याचा मला दाट संशय आहे आणि तो संशय सध्या पुण्यात राहतो.

रंग गाड्यांचाच होता, कबूल. ड्यूपाँट कंपनीचे ड्यूको आणि ल्युसाइट. लेक प्लॅसिड ब्लू हा १९५८ च्या कॅडिलॅकचा रंग, फिएस्टा रेड १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा. कारखान्याच्या नेहमीच्या सनबर्स्टऐवजी (मध्ये पिवळा, कडेला गडद होत जाणारा) असा रंग हवा असेल तर किमतीवर ५ टक्के जास्त द्यायचे, एवढंच. पण तो रंग म्हणजे लॅकर. ड्यूको नायट्रोसेल्युलोजचं, ल्युसाइट अॅक्रिलिकचं. थिनर उडून गेला की वाळतं, पुन्हा थिनर लागला की विरघळतं, आणि थर पातळ बसतो. आज अंबडला जो रंग मारतील तो टू-के, म्हणजे हार्डनर घालून घट्ट होणारा पॉलियुरेथेन. तो विरघळत नाही, जाड बसतो, आणि त्याच्याखाली आधी काय होतं ते कायमचं जातं. कारण मारण्याआधी ते पॉलिश पेपरने घासून लाकूड उघडं करणार, टवक्यांत लांबी भरणार, वर प्रायमर, मग रंग, मग क्लिअर, मग साधारण ६० अंशांच्या बूथमध्ये भाजणार. साठ वर्षं वाळलेल्या आल्डरच्या तुकड्यांचे सांधे त्या उष्णतेत उघडू शकतात. आणि हे सगळं करायला आतल्या वायरी सोडवाव्या लागणार, म्हणजे मूळ सोल्डरही गेलं. जुन्या बाजाराचा ढोबळ हिशोब तुला माहीत आहे: रंग बदलला की किंमत जवळपास निम्मी. त्या पोराला किंमत सांगितली तर तो ऐकेल कदाचित. मला मात्र किमतीपेक्षा पुरावा जाण्याची धास्ती आहे.

आणि हिरवटपणा हा मळ नाहीच! निळ्यावर जे क्लिअर लॅकर मारलेलं असतं ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, बरणीतल्या जुन्या तुपासारखं. निळ्यावर पिवळं आलं की हिरवं दिसणारच. फेंडरची पांढरी, ऑलिंपिक व्हाइट, याच कारणाने सायीसारखी होते. खरा रंग पिकगार्डच्या, म्हणजे तारांखालच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या, खाली असतो, जिथे उजेड पोचत नाही. पिकगार्ड उचलला की कडेला दोन रंगांमधली रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. ती नसेल, आतबाहेर एकच रंग असेल, तर मला शंका येईल.

आता तुझा जुना मुद्दा. खालच्या टोकाला टवका उडालाय, तिथे निळ्याच्या खाली सनबर्स्टचा पिवळा-तांबडा दिसतो, म्हणजे निळा रंग मागाहून कुणीतरी मारला, असं तू कॉलेज रोडच्या त्या टपरीवर टेबल बडवून सांगायचास. मी तेव्हाही सांगत होतो, आताही सांगतो: फेंडरमध्ये सनबर्स्ट बिघडलेल्या बॉडीवर सरळ दुसरा रंग मारून ती कामाला लावत. खाली सनबर्स्ट दिसणं हा रंग बदलल्याचा पुरावा होत नाही. तसा तो मूळ रंगाचाही पुरावा नाही, हे तुझं म्हणणं मी मान्य करतो, पण टेबल बडवण्याइतकं त्यात काही नव्हतं.

वाद मिटवायचा तर खिळ्यांची भोकं बघायची. १९६४ च्या अखेरपर्यंत बॉडीच्या तोंडाला बारीक खिळे ठोकत, म्हणजे उलटीसुलटी करून रंगवताना आणि वाळवताना ओला रंग टेबलाला चिकटू नये. वाळल्यावर खिळे उपटायचे. त्यामुळे मूळ रंगात ती भोकं आतून कोरडी, कच्च्या लाकडाची असतात. भोकात रंग उतरलेला असेल किंवा ती बुजवलेली असतील तर नंतर कुणीतरी हात फिरवलाय. बहुतेक भोकं पिकगार्डखालीच असतात. दुसरी खूण नेक (गिटारची मान) बसते त्या खाचेत: १९६२ च्या अखेरीपासून तिथे काठी स्क्रूने लावून, ती धरून बॉडी रंगवत. काठीखालच्या पट्ट्यात निळा रंग पोचलेला नसतो. पूर्ण खाच एकसारखी निळी चोपडलेली दिसली तर वाईट बातमी.

बाहेरून जे दिसतं ते मी बघितलंय आणि ते सगळं जुळतंय. पाठीच्या प्लेटवरचा नंबर ‘एल’ने सुरू होतो, लोगो पातळ अक्षरांचा, ज्याला ‘स्पॅगेटी’ म्हणतात तो, फ्रेटबोर्डवरचे (बोटं दाबतो त्या पट्टीवरचे) ठिपके मातीच्या रंगाचे, त्या पट्टीचं रोजवूड वाकवून बसवलेला पातळ थर आहे, जाड फळी नाही. म्हणजे १९६२ च्या मध्यानंतरची आणि १९६४ च्या मध्याच्या आधीची. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, लाकडी रंगाचाच आहे, तेही बरोबर. स्ट्रॅटला निळा हेडस्टॉक असता तर उलट मी दचकलो असतो, ते लाड फेंडरच्याच जॅझमास्टर आणि जॅग्वार मॉडेलांचे. सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर घेतली ती १९६५ च्या जानेवारीत (आपलं नाशिकचं बसस्टँडवालं सीबीएस नाही, उगाच शालिमारकडे बघू नकोस), म्हणजे ही त्याच्याही आधीची.

आतलं मात्र मी एकट्याने उघडणार नाही. तू ये. क्रम असा ठेवू. आधी तारा पूर्ण सैल करायच्या. पिकगार्डचे स्क्रू अकरा, त्यांना १ नंबरचा फिलिप्स, नेकच्या चार स्क्रूंना २ नंबरचा. स्क्रू ज्या जागेचा त्याच जागी पुठ्ठ्यावर टोचून ठेवायचा. परत घालताना आधी उलटा फिरवायचा, ‘टक्’ करून जुन्या आट्यात बसला की मगच सुलटा. नाही तर नवीन आटे पडतात आणि भोकं सैल होतात. पिकगार्ड हिरवट झाक असलेल्या सेल्युलॉइडचा, तो आकसतो आणि स्क्रूच्या भोकाशी तडकतो. तडक दिसली तर घाबरू नकोस, मूळ असल्याचीच ती खूण. फक्त ओढायचा नाही. आणि सोल्डरिंगची इस्त्री त्या खोलीतसुद्धा नको, सेल्युलॉइड भसकन पेटतं.

पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर आकडे असतील. पहिले तीन बनवणाऱ्या कंपनीचे, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस, पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. समज ३०४-६३१५ निघालं तर १९६३ चा पंधरावा आठवडा. गिटार पॉटच्या आधीची असूच शकत नाही, नंतरची कितीही असू शकते. १९६६ चे पॉट तर त्यांनी पुढे कित्येक वर्षं वापरले. म्हणून पॉट एकटा बघायचा नाही, नेकच्या टाचेवरचा शिक्का आणि पॉट दोन्ही एकमेकांजवळ यायला हवेत. पिकअपचं (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी डबीचं) बूड काळ्या फायबरचं असेल तर १९६४ च्या सुरुवातीच्या आधीचं, करडं असेल तर नंतरचं. सोल्डरचे थेंब चकचकीत ताजे दिसतात की मंद राखाडी, ते तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

मग रात्री सगळे दिवे घालवून ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च. जुनं लॅकर मंद हिरवट-पिवळं उजळतं, नंतरचं ठिगळ गडद डागासारखं उठून दिसतं. आधी कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्यायची, पॉलिशचा थरही चमकतो आणि फसवतो. एवढ्यावरही समाधान झालं नाही तरच पाठीच्या प्लेटखाली, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या काडीवर जेमतेम अॅसिटोन. रंग काडीला लागला तर लॅकर, नाही लागला तर टू-के. पण लॅकर निघालं म्हणून मूळच, असं नाही, सत्तरच्या दशकात दुसऱ्यांदा रंगवणारेही लॅकरच मारायचे. म्हणून ही चाचणी शेवटची, आणि ती मी करीन, तू नाही. तुझा हात जड आहे. विसरलो नाही मी त्या हार्मोनियमचं.

पोराने मला बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या ‘रॉकी’ नावाच्या स्ट्रॅटचा फोटोही दाखवला. ‘त्यानेही रंगवलीच ना?’ रंगवली, १९६७ मध्ये, स्वतःच्या हाताने, हेडस्टॉकला बायकोची, पॅटीची, नेलपॉलिश लावून. पण खालचा १९६१ चा सॉनिक ब्लू त्याने घासून काढला नाही, तो तसाच ठेवून वर रंगवलं. त्याने जे केलं त्यात काही जोडलं गेलं. इथे फक्त पुसलं जाणार आहे. हे मी त्याला सांगितलं, तो गप्प बसला, पटलं की कंटाळला ते कळलं नाही.

तोवर काय करायचं ते सांगून आलोय: रबर किंवा फोमच्या स्टँडवर ठेवायची नाही, लॅकर त्याला चिकटून मऊ पडतं. सॅनिटायझर, स्पिरिट, सिलिकॉनचं पॉलिश काही लावायचं नाही. पेटी परत माळ्यावर नको, पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी असते. आणि थंडीत पेटी बाहेरून गरम खोलीत आणली की लगेच उघडायची नाही, लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगाने फुगतं-आकसतं आणि बारीक तडे जातात. निफाडकडच्या पहाटेची थंडी आठव, म्हणजे कळेल मी का सांगतोय.

कोणी परदेशी गिऱ्हाईक आणतो म्हणाला तर त्यालाही थांबव. फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोजवूडचा, ते झाड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये वाद्यांना सूट मिळाली ती इतर रोजवूडला, याला नाही. कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडली की जप्तीच. नानांनी ती आणली त्याच्या आधीच्या काळातली पावती किंवा फोटो अण्णांच्या ट्रंकेत असेल तर तो जपून ठेवायला सांग, वय सिद्ध करायला तोच उपयोगी पडेल.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिमीचं दहावीचं वर्ष, तिला फार छळू नकोस. वहिनींना सांग, लोणच्याची बरणी पोचली.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने ये. टॉर्च आणि दोन्ही पेचकस तुझेच आण, माझा १ नंबरचा झिजलाय. पण त्या आधी, पत्र मिळालं की लगेच, पोराला फोन कर. तो मला ‘काका’ म्हणून मान देतो आणि तुझं ऐकतो. सोमवारनंतर गिटार अंबडला जायची आहे, तेव्हा फक्त एवढं म्हण: ‘शनिवारपर्यंत थांब, मी येतोय.’ कारणं सांगत बसू नकोस, ती मी तोंडी सांगीन.

तुझा,
विन्या

ता.क. तू काही म्हण, फिएस्टा रेड म्हणजे सॅमन पिंक नाहीच. १९५९ मध्ये इंग्लिश गायक क्लिफ रिचर्डने आपल्या गिटारवादकासाठी, हँक मार्विनसाठी, मागवलेली गिटार फिएस्टा रेडच होती. त्यावर आता शनिवारी.