ल्युटेशियमच्या रुग्णांसाठी दोन खोल्या : सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या महिन्यात मुंबईत परळहून ल्युटेशियम या कॅन्सरवरच्या किरणोत्सारी औषधाचा दुसरा डोस घेऊन आलेल्या आपल्या एक मावशी घरी न जाता थेट मंडळाच्या दारात उतरल्या. हातात डॉक्टरांनी दिलेला कागद : लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब राहा, वेगळं झोपा, जमल्यास संडास वेगळा वापरा, दोनदा पाणी सोडा. घर दीड खोलीचं, सुनेला सातवा महिना, नातू आजीच्या कुशीशिवाय झोपत नाही. चार रात्री मावशी आपल्या रुग्णसाहित्य केंद्रात, वॉकर आणि व्हीलचेअर भिंतीला सारून, कॉटवर झोपल्या. सकाळी उठून केंद्र झाडूनसुद्धा ठेवायच्या. मला लाज वाटली, म्हणून हे पत्र.

चिपळूणकरांना केंद्राचा इतिहास सांगायला नको, तरी सांगतो. जुलै २०२१ च्या पुरात छताला लागेल इतकं पाणी आलं. कॉट, एअरबेड, कमोड खुर्च्या, पावतीपुस्तकं, सगळं चिखलात. पंधराव्या दिवशी बाजारपेठेतले आपले भांडीवाले शेठ, ज्यांच्या स्वतःच्या दुकानात अजून गाळ होता, दोन नव्या कॉट घेऊन आले. पोस्टातून निवृत्त झालेल्या काकूंनी पेन्शनच्या थकबाकीतून ऑक्सिजन मशीन दिलं. मुंबईकर चाकरमान्यांनी टेम्पो भरून साहित्य पाठवलं. नावं छापायची नाहीत अशी या सगळ्यांची सक्त ताकीद आहे, पण ती तुम्हाला ठाऊक आहेतच. आणि आपले दिवंगत खजिनदार गुरुजी! त्यांचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा वेदनेसाठी समॅरियमचं, म्हणजे अशाच एका किरणोत्सारी औषधाचं, इंजेक्शन दिलं होतं. शेवटचा हिशोब त्यांनी स्वतः बसून, पैन् पै जुळवून लिहिला. खोल्यांच्या निधीतले पहिले ५१,००० रुपये त्यांच्या मुलींनी दिले आहेत.

आता भीतीबद्दल. मागच्या सभेत “किरणांचे पेशंट वस्तीत नकोत” असं दोघं-तिघं बोलले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. समॅरियम काय, ल्युटेशियम काय, हे दुर्मिळ मृदा धातू. नावाला दुर्मिळ, ल्युटेशियम पृथ्वीच्या कवचात चांदीहून जास्त आहे, फक्त विखुरलेलं. त्याचं किरणोत्सारी रूप, ल्युटेशियम-१७७, ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, जे १९६३ पासून चालू आहे, ते रुग्णांना दिलं जातं. आधी किरणोत्सारी गॅलियम टोचून स्कॅन करून गाठी औषध धरून ठेवतात का ते बघतात. धरत असतील तर तशाच औषधावर ल्युटेशियम बसवून शिरेतून सोडतात. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींच्या) गाठी आणि पुढे गेलेला प्रोस्टेटचा कॅन्सर यांत ते मुख्यतः वापरतात. त्याचे बीटा कण शरीरात फार तर दोन मिलिमीटर जातात. मार बसतो तो गाठीला. सोबत थोडे गॅमा किरण निघतात, ते अंगाबाहेर येतात. त्यांच्यामुळेच औषध कुठवर पोचलं याचा फोटो काढता येतो, आणि त्यांच्यामुळेच थोडे दिवस अंतर ठेवावं लागतं. गाठीत न अडकलेलं औषध बरंचसं पहिल्या दोन दिवसांत लघवीतून जातं, म्हणून संडास वेगळा हवा. घरी सोडण्याआधी डॉक्टर मीटर लावून किरण मोजतात. ज्याला घरी सोडलं, तो आपल्या माडीवरच्या खोलीत राहिला तर रस्त्यावरच्या माणसाला काही होत नाही. सभेला जे आले नाहीत (म्हणजे बहुतेक सगळे) त्यांनी हे एकदा वाचावं.

ल्युटेशियमचा किरणोत्सार साधारण पावणेसात दिवसांत निम्मा होतो (याला अर्धायुष्य म्हणतात), त्यामुळे साठवून ठेवण्याचा प्रश्नच नाही. रुग्णाची तारीख ठरली की गाठायची, चुकली तर तो डोस गेला. आपल्या सभासदांच्या उत्साहाचं अर्धायुष्य मात्र याहूनही कमी आहे, असं मोठ्या कष्टाने लिहावं लागतं. मार्चमध्ये हेच आवाहन दोनशेवर घरी पोचवलं होतं, उत्तरं आली नऊ. त्याच महिन्यात शिमग्याची वर्गणी तीन दिवसांत जमली. पालखी आमचीही आहे, तक्रार नाही.

सध्या तालुक्यातल्या तिघांचे डोस चालू आहेत, प्रत्येकाला साधारण दोन-दोन महिन्यांनी परळ. येताना एसटीत कुणा गरोदर बाईशेजारी सहा-सात तास बसवणं योग्य नाही, गाडीच करावी लागते. महामार्गाची अवस्था तुम्ही जाणताच.

तपशील : माडीवर (पुरामुळे खाली नको) संडास-बाथरूमसह दोन खोल्या, अंदाजे खर्च ६ लाख, जमा २ लाख १० हजार, स्लॅब आहे, विटा, नळजोडणी, फरशी, दारं बाकी, गौरी-गणपतीआधी काम व्हावं, गाडीसाठी वेगळा निधी, एक फेरी दिली तरी चालेल, वस्तुरूपानेही चालेल, आधी विचारावं, धनादेश मंडळाच्या नावे, खाते क्रमांक पावतीच्या मागे, ८०-जी (देणगीवर आयकर सवलत) आहे, पण २,००० रुपयांवर रोख दिल्यास सवलत मिळत नाही, कार्यालय सायं. ५ ते ७, गुरुवारी बंद. गवंडीकाम, प्लंबिंग करणाऱ्या सभासदांनी दोन रविवार दिले तरी फार मोठी मदत होईल.

आपला नम्र,
सचिव

ता. क. दिवाळीत नेलेला निळा एअरबेड अजून परत आलेला नाही. नोंद पुसट झाली आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी पंपासह आणून द्यावा, मावशींचा तिसरा डोस पुढच्या महिन्यात आहे.