रोटरी इंजिनसाठी म्हणून विकलेल्या कॉम्प्रेशन टेस्टरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : टेस्टर परत घेऊन पैसे परत मिळणे व माहितीपुस्तिकेत दुरुस्ती करणे

महोदय,

आपल्या पुण्याच्या कारखान्यात बनलेला कॉम्प्रेशन टेस्टर (इंजिनातला दाब मोजणारे उपकरण) आम्ही ब्रिटनमधल्या आमच्या वर्कशॉपसाठी मागवला. आमच्याकडे प्रामुख्याने रोटरी इंजिनाच्या माझदा आरएक्स-८ गाड्या येतात. खोक्यावर ‘पिस्टन व रोटरी, दोन्ही इंजिनांसाठी’ असे छापले आहे. रोटरीसाठी हे उपकरण निरुपयोगी आहे.

होजच्या प्लगकडच्या टोकाला एकतर्फी व्हॉल्व्ह बसवलेला आहे. पिस्टन इंजिनात तो हवाच. रोटरी इंजिनात मात्र पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजू असतात आणि तिन्ही एकाच प्लगच्या भोकासमोरून जातात. व्हॉल्व्ह त्यातल्या सर्वांत चांगल्या बाजूचा दाब धरून ठेवतो, उरलेल्या दोन बाजू दिसतच नाहीत. एका गाडीत आपल्या गेजने पुढच्या रोटरला ७.९ आणि मागच्याला ७.८ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाखवले. रोटरीच्या खास टेस्टरवर मागच्या रोटरचे आकडे निघाले ७.८, ५.९ आणि ५.७. माझदाची किमान मर्यादा ६.९ आहे आणि एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १.५ पेक्षा जास्त फरक चालत नाही. एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या कोपऱ्यावरची पट्टी, शेजारच्या दोन बाजूंना सामाईक असते, म्हणून ते गेले की असे दोन आकडे जोडीने पडतात. हे इंजिन खोलावेच लागणार. आपल्या गेजच्या भरवशावर एखाद्याने ही गाडी ठणठणीत समजून विकत घेतली असती.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर व्हॉल्व्हची पिन काढून टेस्टर वापरायला सांगितले. तसे केले की काटा उड्या मारतो. सेल मारताना २५० आरपीएमला (मिनिटाला २५० फेरे) प्रत्येक रोटरचे सेकंदाला साधारण चार ठोके पडतात. एखादी उडी तोकडी आहे एवढे डोळ्यांना कळते, आकडा वाचता येत नाही. शिवाय लांब होजमधली रिकामी जागा दाब खाते, त्यामुळे आकडा मिळाला तरी तो कमीच असतो.

पुस्तिकेतली चूक त्याहून गंभीर आहे. ‘काटा स्थिर होईपर्यंत सेल मारा’ एवढेच तिच्यात लिहिले आहे. माझदाची ६.९ ची मर्यादा २५० आरपीएम वेगासाठी आहे. स्टार्टर जोरकस असेल तर थकलेले इंजिनही चांगले दिसते, आणि बॅटरी उतरलेली असेल तर चांगले इंजिन बाद ठरते. म्हणून सेल मारतानाचा वेग नोंदवून दाबाचा आकडा २५० आरपीएमच्या हिशोबाने बदलून घ्यावा लागतो. इंजिन गरम हवे, बॅटरी पूर्ण चार्ज हवी, इग्निशन आणि इंधन बंद हवे आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला हवा. पेट्रोलने ओले झालेले इंजिन मोजू नये, कारण पेट्रोल सीलवरचे तेल धुऊन नेते आणि दाब खोटा कमी येतो. यातले एकही वाक्य पुस्तिकेत नाही.

आमच्या मागण्या :
टेस्टरची पूर्ण किंमत आणि दोन्ही बाजूंचा वाहतूक खर्च परत मिळावा. खोक्यावरचा आणि जाहिरातीतला ‘रोटरी’ हा शब्द काढावा. ज्यांनी हा टेस्टर रोटरीसाठी घेतला आहे त्यांना लेखी कळवावे, कारण ते आजही या आकड्यांवर गाड्या घेत-विकत असतील. रोटरीसाठी खरोखर टेस्टर बनवायचा असेल, तर त्यात प्रेशर सेन्सर, तिन्ही बाजूंचे वेगळे आकडे आणि आरपीएमची नोंद हवी.

बिलाची प्रत आणि दोन्ही टेस्टरच्या आकड्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे.

कळावे,
रोटरी इंजिन दुरुस्ती विभाग