सिकलसेलचे मूल सांभाळणाऱ्या आईला बुडीत मजुरी द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दुखण्याचे झटके येतात. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या गावांत तपासण्या झाल्या, कार्डे वाटली गेली. कार्ड मिळाल्यानंतर मात्र हा आजार घरातच सांभाळावा लागतो, आणि सांभाळणारी बहुधा आई असते, नाहीतर आजी. निम्मा उपचार तीच करते. तिच्या हातात काय द्यायचे, याचा विचार मागे राहिला आहे, म्हणून हे पत्र.

आधी तपासणीतला गोंधळ. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक (एएस, म्हणजे दोष अंगात पण स्वतःला आजार नाही) आहे की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांवरच कळते. तो अहवाल येईपर्यंत ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द गावभर होतो, धडधाकट वाहक मुलीचे जमलेले लग्न मोडते आणि खऱ्या रुग्णाचे औषध लांबते. पक्का अहवाल हाती आल्यावरच, घरच्यांना समोर बसवून निकाल सांगावा. हा आजार फक्त आदिवासींचा नाही, पूर्व विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि काही इतर मागासवर्गीय समाजांतही आहे. औषध देताना जात बघितली जाऊ नये.

हायड्रॉक्सियुरिया हे मुख्य औषध. मुलांना किलोमागे साधारण १० ते १५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, म्हणजे बारा किलोच्या लेकराला दिवसाला १२० ते १८०. हाती पडते ती ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. मग आई कॅप्सूल उघडते, भुकटी पाण्यात कालवते आणि अंदाजाने चमचा पाजते. डोस कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. ती स्वतः गरोदर असेल तर तिने या भुकटीला हात लावू नये, हेही तिला कोणी सांगितलेले नसते. मुलांसाठीचे द्रावण आता देशातच तयार होते. ते किंवा १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा, आणि द्रावणासोबत मापाची सिरिंज द्या.

या औषधावर असताना सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी, चुकवून चालत नाही. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढे दर दोन-तीन महिन्यांनी ती करावी लागते. तपासणीसाठी तालुक्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी गेली, आणि तिथे मशीनचे रसायन संपलेले असले की तीच फेरी पुन्हा. दोनदा असे झाले की घरचे औषधच बंद करतात. त्यांना दोष कसा द्यायचा? महिन्यातला एक दिवस ठरवून केंद्रातच नमुने घ्या, त्याच दिवशी तालुक्याला पोचवा आणि अहवाल आशाताईंच्या फोनवर पाठवा. या औषधाचा गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, मध्येच साठा संपला की मिळालेला गुण ओसरतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. अशा गावांत पावसाळ्याआधी रेशनचे धान्य पोचवले जाते. त्याच गाडीतून जूनच्या आत तीन महिन्यांचे औषध पोचू शकते.

ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेला की सिकलसेलच्या मुलासाठी ती तातडी असते, कारण जंतूंशी लढणारी पानथरी (प्लीहा) लहानपणीच निकामी होत जाते. पानथरीत अचानक रक्त साचून ती फुगली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. डाव्या बरगडीखाली हात ठेवून ती वाढली का, हे बघायला आईला दहा मिनिटांत शिकवता येते. प्रत्येक घरी डिजिटल थर्मामीटर हवा. पाच वर्षांखालच्या मुलांचे रोजचे पेनिसिलिन खंडू नये.

आश्रमशाळांकडे वेगळे लक्ष द्यावे लागेल. या मुलांना भरपूर पाणी प्यावे लागते, आणि त्यांचे मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. त्यामुळे ती वारंवार लघवीला जातात, रात्री अंथरूणही ओले होते. यात त्यांचा काही गुन्हा नाही, तरी बोलणी खावी लागतात. मग मूल पाणी पिणेच टाळते आणि दुखण्याचा झटका येतो. थंडीत गार पाण्याची आंघोळही झटका आणते. वर्गात पाण्याची बाटली, विचारल्याशिवाय लघवीला जायची मुभा, आंघोळीला गरम पाणी, एवढे लेखी आदेश आदिवासी विकास विभागाशी बोलून काढता येतील. शाळेत सगळ्यांना वाटली जाणारी लोहाची गोळीही एसएस मुलांना तपासणीशिवाय देऊ नये. त्यांना फॉलिक ॲसिड लागते.

झटका आला की रुग्णालयात तासाभरात दुखणे आवरले पाहिजे. पॅरासिटामॉलने भागले नाही तर पुढचे औषध ट्रामाडोल किंवा मॉर्फिन, ते ग्रामीण रुग्णालयात असायला हवे. पुन्हा पुन्हा डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले तर आधीच दुखावलेले मूत्रपिंड आणखी बिघडते. ‘नाटक करतो’ हे शब्द वॉर्डात उच्चारले जाऊ नयेत.

आता मूळ मागणी. मूल दाखल झाले की चार-पाच दिवस आई पलंगाजवळ बसून असते. जुलै-ऑगस्टमध्ये नेमकी धानाची रोवणी चालू असते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. वर्षाची कमाई त्याच दिवसांत होते. म्हणून घरचे मुलाला लवकर घरी नेतात आणि दुखणे उलटते. संजय गांधी निराधार योजनेत सिकलसेलग्रस्त बसतात, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये धरला तर घरातल्या एकाने ६८ दिवस काम केले की ही अट ओलांडली जाते. ते खाते आपले नाही, पण मंत्रिमंडळात हा विषय आपण मांडू शकता.

आपल्या खात्यात मात्र रस्ता तयार आहे. कुपोषित बालक दाखल असताना त्याच्या आईला बुडीत मजुरी देण्याची पद्धत आरोग्य विभागात आहे. तीच सिकलसेल रुग्णासोबत राहणाऱ्या एका माणसाला लागू करा. दर किमान रोजगार हमीचा ठेवा, दोन वेळचे जेवण द्या, आणि सुटी होतानाच रक्कम खात्यात जमा करा. त्यासाठी रुग्णाचे कार्ड आणि दाखल झाल्याचा कागद पुरेसा धरा, उत्पन्नाचा दाखला मागू नका. सुरुवात गडचिरोलीपासून, येत्या रोवणीच्या आधी व्हावी.

आपले,
सिकलसेल कुटुंबांसोबत काम करणारे कार्यकर्ते,
पूर्व विदर्भ