चिमणीतली रेघ

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

तू घेतलेल्या घराचे फोटो पाहिले. जिना फारच देखणा आहे, आईने तो दोनदा पाहिला. मी मात्र एकच फोटो मोठा करकरून पाहत बसलो. फायरप्लेसची चिमणी छपराबाहेर येते तिथे तिच्या कोपऱ्यालगत एक बारीक उभी रेघ खाली उतरली आहे. ‘रंग उडालाय’ असं तू त्याखाली लिहिलंस. तो रंग नाही गं, तडा आहे. फोनवर तू नुसतं ‘हो बाबा, हो बाबा’ करतेस, म्हणून हे लिहून पाठवतोय.

तुझी चिमणी विटांची नाही. साच्यात ओतलेले काँक्रीटचे पोकळ ठोकळे एकावर एक रचून, सांध्यांत माल भरून ती उभी केली आहे. काम झटपट उरकतं, गवंड्याचे दिवस वाचतात. विटांच्या चांगल्या चिमणीत आत भाजलेल्या मातीच्या नळ्यांचं अस्तर असतं. त्यातून धूर जातो आणि बाहेरचं बांधकाम वेगळं राहतं. तुझ्यासारख्या ओतीव ठोकळ्यांच्या, म्हणजे प्रीकास्ट, चिमण्यांपैकी पुष्कळांना ते अस्तर नसतंच. धुराची नळी तीच आणि बाहेरची भिंतही तीच. तडा आरपार गेला, की आतला जाळ आणि भिंतीतलं लाकूड यांच्यामध्ये आडवं यायला काही उरत नाही.

तडा का जातो हे तुला सांगायला मला आवडेल, कारण माझी सगळी नोकरी काँक्रीटबरोबर गेली. काँक्रीट दाबाला पहिलवान आणि ताणाला लेचंपेचं. दाब सोसायची ताकद असेल तिच्या जेमतेम दशांश ताण ते सोसतं. आत विस्तव पेटला की आतली बाजू फुगू पाहते, बाहेरची थंडगार बाजू तिला आवळून धरते, आणि ताण बसतो तो बाहेरच्या अंगावर. तिथेच ते फाटतं. मग भेगेत पावसाचं पाणी शिरतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणजे दर हिवाळ्यात पाचर थोडी आणखी आत ठोकली जाते. ठोकळ्यात सळई असेल तर ती गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. भेगेच्या कडेला तांबूस ओघळ आहे का, बघून कळव. सायटीवर मीही ‘हेअरलाइन आहे, सोडा’ असं म्हणून पुष्कळ भेगा सोडून दिल्यात. पण त्या कंपाउंडच्या भिंतीतल्या. त्या भिंतीमागे कोणी विस्तव पेटवत नव्हतं.

आता ज्या वाक्याने माझी झोप उडाली ते. घर विकणारे म्हणाले ना, ‘चाळीस वर्षं फायरप्लेस पेटतंय, कधी काही झालं नाही’? सुकं लाकूड एरवी पेटायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस लागतात. तेच लाकूड त्याहून पुष्कळ कमी उष्णतेत वर्षानुवर्षं शेकत राहिलं तर पेट घेत नाही, नुसतं आतल्या आत करपत जातं. याला पायरोलिसिस म्हणतात. असं करपलेलं लाकूड पुढे पूर्वीपेक्षा कमी तापमानालाही धुमसू शकतं. त्या चाळीस हिवाळ्यांत भिंतीआडची तुळई चाळीस वेळा शेकली गेली आहे, आणि तिची आजची अवस्था कोणी पाहिलेली नाही. घराच्या आतून जाणाऱ्या चिमणीभोवती लाकडापासून ५ सेंटिमीटर तरी जागा मोकळी सोडतात, ती याचसाठी. जुन्या घरांत सुतार कधी कधी फळी थेट काँक्रीटला टेकवून मोकळे झालेले असतात.

दुसरी गोष्ट क्रिओसोटची. ओलं लाकूड जाळलं किंवा जाळ दबका ठेवला, की धूर नळीच्या थंड भिंतीवर डांबरासारखा चिकटतो, तोच क्रिओसोट. त्या थराने पेट घेतला तर नळीत १००० अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं. आगगाडी अंगावर यावी तशी घरघर ऐकू येते, तर कधी आग कुणाच्या लक्षातही येत नाही, पण मागे नवे तडे ठेवून जाते. भेगेतून कार्बन मोनॉक्साइडही झिरपतो. त्याला ना रंग ना वास. झोपायच्या खोलीबाहेर त्याचा अलार्म आजच लाव, एवढंच सांगतो.

तपासणी खालून टॉर्च मारून होत नाही. नळीत कॅमेरा सोडणारा माणूस बोलाव. चिमणी दरवर्षी तपासावी असं अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं २११ क्रमांकाचं मानक सांगतं, आणि घर विकलं जाताना त्याहून सखोल तपासणी सांगतं, त्यात माळ्यावरून दिसणारा चिमणीचा भागही आला. तुझ्या खरेदीत ती राहून गेली असणार.

कोणी बाहेरून सिलिकॉन भरून देतो म्हणाला तर नम्रपणे वाटेला लाव. बाहेरची रेघ झाकली जाईल, आतली तशीच राहील. स्टीलचा लायनर, म्हणजे आत घातलेली नळी, आणि त्याभोवती उष्णतारोधक थर हा उपाय खरा, पण नळीचं क्षेत्रफळ फायरप्लेसच्या तोंडाच्या साधारण दशांश तरी लागतं. प्रीकास्टची नळी आधीच अरुंद, त्यात लायनर घातला की ते जमत नाही आणि धूर उलटा खोलीत येतो. बंद दाराच्या लाकडी स्टोव्हला कमी नळी पुरते, तो पर्याय विचार. माझं मत विचारशील तर तडे खोल निघाल्यास ठोकळे उतरवून कारखान्यात बनलेली धातूची चिमणी बसव. खर्चाचं आपण बघू.

कॅमेऱ्यातून काय दिसतं ते कळेपर्यंत फायरप्लेस पेटवू नकोस. पाहुणे आले तरी नाही. रविवारी उजेडात माळ्यावर जा आणि चिमणी छपरातून बाहेर पडते तिथला फोटो काढ, पट्टी शेजारी धरून, म्हणजे मला अंतर कळेल. लाकूड तपकिरी आहे की काळपट, तेही बघ. हात लावायचा असेल तर हातमोजे घाल, माळ्यावर उष्णतारोधक म्हणून घातलेलं फायबरग्लास असेल तर ते खाजतं.

तुझे,
बाबा