आधी डावीकडं बघ

खानापूर,
रविवार रात्र

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर तुझी आई झोपली, मला काही झोप लागली नाही. ट्राममधून उतरून लाल पट्ट्यावर पाय टाकलास आणि सायकलवाली बाई घंटी बडवत अंगाला घासून गेली, हे तू हसत हसत सांगितलंस. आईपण हसली. सोमवारी कोर्टात पहिला दिवस, आता पोरीला काही बोलू नये म्हणून मी गप्प बसलो. म्हणून हे पत्र. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो, अक्षर लावून वाच.

तिथं हेगला, नेदरलँड्समध्ये, गाड्या उजव्या बाजूनं चालतात. म्हणजे रस्ता ओलांडताना आधी डावीकडं बघायचं. जन्मापासून उजवीकडं वळणारी मान आठवड्यात सुधारत नाही. बस, एवढंच सांगायचं होतं. आता दुसरं लिहितो.

शुक्रवारी बाररूममध्ये कुंदा वाटला. पोरगी हेगला आंतरराष्ट्रीय कोर्टात इंटर्न म्हणून गेली म्हटल्यावर सगळ्यांनी हातातल्या फायली खाली ठेवल्या. एकानं विचारलं, पगार किती? म्हटलं, बिनपगारी. "म्हणजे आमच्या ज्युनियरसारखंच की!" सगळे हसले. मीपण हसलो, पण घरी येईपर्यंत आत्याच्या पैशांचा हिशेब डोक्यात चालू होता. तू तो करू नकोस. दुपारचं जेवण चुकवून पैसे वाचवायचे नाहीत.

17 जुलै 2019 आठवतो? कुलभूषण जाधवांचा निकाल टीव्हीवर चालला होता. तू अकरावीत, पीयूसीच्या पहिल्या वर्षात. ताटातली भाकरी वाळून गेली तरी हलली नाहीस. फाशीचा फेरविचार करा, असं त्या कोर्टानं पाकिस्तानला बजावलं, तेव्हा तू विचारलंस, "बाबा, हे कोर्ट कुणाचं?" इतकी वर्षं कोर्टाच्या दारात टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करतोय, पण मला उत्तर आलं नाही. आता तूच सांग.

आबा असते तर म्हणाले असते, जातेसच तर आपली पण फाईल ने. 1956 पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचं घोंगडं भिजत पडलंय, सुप्रीम कोर्टातल्या दाव्यालाच 2004 पासून किती वर्षं झाली बघ. तिथं वादी-प्रतिवादी देशच लागतात, राज्यांचं तिथं चालत नाही, हे त्यांना समजावता समजावता तुझं विमान चुकलं असतं. तू त्या बार्ले गावाचं सांगितलंस ना, बेल्जियम आणि नेदरलँड्सची हद्द घराघरांतून गेलीय, फरशीवर पांढऱ्या फुल्या मारल्यात आणि तिथल्या काही जमिनीचा निकाल 1959 साली याच कोर्टानं दिला, ते मी टेबलावर चार जणांना ऐकवलं. एक म्हातारी आरटीसी, म्हणजे जमिनीचा कन्नड उतारा, घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "मग त्या घरवाल्यांना उतारा कुठल्या भाषेत मिळतो?"

तू तिसरीत होतीस. शाळा सुटली की टेबलाजवळ स्टुलावर येऊन बसायचीस. मराठी शाळेतली पोर, पण कन्नड उताऱ्यावर बोट फिरवत म्हाताऱ्यांना वाचून दाखवायचीस. बोटाला कार्बन लागलेला, तोच कागदावर उमटायचा. "आजी, नाव तुमचंच आहे, पण सासऱ्यांचं चुकलंय." त्या बायका माझ्याऐवजी तुझ्या हातात चिल्लर ठेवायच्या. संध्याकाळी टाइपरायटर झाकून निघालो की रस्ता ओलांडताना माझी दोन बोटं धरायचीस. बापूचं झाल्यावर मी तुझं मनगटच धरायला लागलो. दुखतंय म्हणून ओरडायचीस.

भाड्यानं सायकल घेणार म्हणालीस. तिथल्या पुष्कळ सायकलींना म्हणे हातात ब्रेकच नसतो, पॅडल उलटं दाबायचं. घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. म्हणतोच. नको घेऊस. पाचलाच अंधार पडतोय म्हणतेस, चालत जा, नाहीतर ट्राम आहे.

कामाचं एक. कुठलाही कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि सहीच्या वर कोरी जागा राहिली तर आधी रेघ मारायची. फायलीतलं एक अक्षर बाहेर काढू नकोस. मलाही सांगू नकोस. मी विचारणार, तरीही नाही. दुसऱ्याचा मसुदा सुधारताना त्याच्यासमोर... बघ, शेवटच्या वर्षाच्या पोरीला दस्तलेखक कायदा शिकवायला बसला. माफ कर. आई म्हणते ते खरं, माझ्यापुढं कागद ठेवला की भाषण सुरू.

आज दुपारी एक येडेपणा केला. तुला किती अवघड जात असेल ते बघावं म्हणून स्टेशन रोडला मुद्दाम आधी डावीकडं बघून रस्त्यात उतरलो. उजवीकडून टमटम आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि डोकं बाहेर काढून ओरडला, "नोडकोंड होग्री, यजमानरे!" मी हात जोडले. पाय बराच वेळ थरथरत होते. कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसलो, चहा सांगितला आणि निम्मा बशीतच सांडला.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. म्हातारी मंगळवारी परत येणार आहे. त्या उताऱ्याचं तेवढं विचारून कळव.