लोकसंगीत महोत्सवातील काव्यसादरीकरणाबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, यंदा आपल्या गावच्या लोकसंगीत महोत्सवात भजन आणि भारूड यांच्या दरम्यान काव्यसादरीकरणासाठी अर्धा तास राखून ठेवला असून, प्रत्येकास पाच मिनिटे मिळतील. जात्यावरच्या ओव्या मात्र वाचून न दाखविता गाऊनच सादर कराव्यात, कारण ओवी ही दळता दळता रचलेली कविता आहे आणि जात्याच्या फेऱ्याची लय गेली की तिचा अर्धा जीव जातो, असे कार्यकारिणीचे ठाम मत आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून अशा १ लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आणि त्या गाणाऱ्या स्त्रियांची नावेही नोंदवली; तोच आदर राखून, आपण ओवी आई, आजी की शेजारीण, कोणाच्या तोंडून ऐकली, हे आधी आवर्जून सांगावे. स्वतःची कविता बोलीत असल्यास ती प्रमाणभाषेत बदलू नये. या वेळेत ढोलकी सुरात लावण्याचे काम मंडपाबाहेर करावे. इच्छुकांनी आपली नावे येत्या रविवारपर्यंत चिटणीसांकडे द्यावीत.